पश्चिमेची पाकळी

प्रिय भोंग्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच कचऱ्यात टाकलं असतंस, म्हणून पत्ता तारवाल्या काकांकडून लिहून घेतला. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, कोणाचं आहे हे बघायला तरी तू पाकीट फोडशीलच. फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून केला तर माझं ‘अरे ऐक’ ऐकलं की ठेवून देतोस. लहानपणी तू रडायला लागलास की तीन घरं जागी व्हायची, म्हणून तर बाबांनी तुझं नाव भोंग्या ठेवलं. त्या भोंग्याने असं तोंडाला कुलूप लावून बसावं याचा मला राग येतो. तो असू दे, पुढे सवडीने काढीन. बाबांचं बरं नाही. किती बरं नाही ते सांगतेच, पण त्याआधी गेल्या वर्षी तू घरी आलास आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेलास, त्या दुपारचं मला सांगायचं आहे. आणि ती दुपार कळायला तुला अँटेनाची गोष्ट ऐकावी लागेल. सुस्कारा टाकू नकोस. मी ती वर्षभर ऐकली आहे.

तू गेल्यावर काही दिवसांतच बाबांनी आपल्या हौशी रेडिओच्या अँटेनाविषयी कुरकुर सुरू केली. त्यांची मोजायची रीत तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पश्चिमेच्या डोंगरावरचं ते बीकन, दिवसभर एकाच सुरात टूं टूं सिग्नल सोडणारं, ते रेडिओवर लावायचं. रेडिओचा आवाज तारेने संगणकात सोडायचा. मग गच्चीवरच्या खांबावर अँटेना मोटरने सावकाश पूर्ण फिरवायचा, आणि तो जिकडे तोंड करेल तिकडून बीकन किती जोरात येतं ते सॉफ्टवेअर गोल आलेखावर काढत जातं. तुला त्यांनी मांडीवर बसवून शिकवलं होतं, की रेडिओतली आवाज आपोआप सारखा करणारी सोय आधी बंद करायची, नाहीतर जवळचा आणि लांबचा, मोठा आणि बारीक, सगळे सिग्नल सारखेच दिसतात. अँटेना धड असेल तर पश्चिमेकडे, म्हणजे कागदावर डावीकडे, एक लठ्ठ पाकळी उमटते. उजवीकडे, म्हणजे पाठीमागून, दोन बारीक शेपट्या. बाबांच्या मते पाकळी गेली होती. नुसत्या शेपट्या उरल्या होत्या. बाई गं, आपला अँटेना तोंडाने बहिरा झालाय आणि शेपटीने ऐकतोय, असं ते मला म्हणाले. मला हसू आलं.

मग काकांना बोलावणं गेलं. काका तारा ओढायचं काम सोडून अर्ध्या तासात हजर. त्यांनी खांबावर चढून केबल बदलली, जोड पुन्हा झाळले, अँटेनाच्या सगळ्या नळ्या उतरवून घासूनपुसून परत चढवल्या. बाबा खाली खोलीत आलेख काढायचे आणि खिडकीतून वर ओरडायचे, नाही, अजून नाही. काकांनी आपला हातातला मीटर लावून बघितला, तो म्हणे सगळं ठाकठीक. बाबांनी खालूनच निकाल दिला की मीटर जुना झालाय. काकांनीही मान डोलावली आणि मीटर पिशवीत टाकला. ही या मंडळींची गंमत बघ. साऱ्या शहरातले रेडिओवाले बाबांना विचारून खांब रोवतात, तर बाबा म्हणाले अँटेना बहिरा म्हणजे तो बहिराच. संगणकाच्या पडद्याकडे बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, सगळे वर खांबाकडे बघत राहिले. मी चहा ठेवायला जायची तेव्हा मला पडद्यावर ती पाकळी दिसायची की! पण मला काय कळतंय त्यातलं? मला वाटलं, बिघडलेला आलेख असाच दिसत असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं आमचं चाललं होतं.

इकडे घरात दुसऱ्याच कटकटी. बाबा शर्टाची डावी बाही घालायचेच नाहीत. उजवा हात घालायचे, बटणं लावायचे, आणि डावी बाही लोंबती ठेवून खुर्चीत जाऊन बसायचे. मी शिवणारी बाई. मला वाटलं, खांदा आखडला असेल, बाही अडकत असेल. म्हणून त्यांच्या सगळ्या शर्टांच्या डाव्या बाह्या उसवून सैल करून दिल्या. तरी तेच. ताटातलं अर्धं जेवण तसंच ठेवून उठायचे आणि वर पोट भरलं नाही म्हणायचे. मी तोंड सोडायची, की माणूस एकटं राबतंय घरात आणि तुम्हाला थट्टा सुचते. ते गोंधळून ताटाकडे बघायचे. तो गोंधळलेला चेहरा आता माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मध्येच तुला एक सांगते, कारण ते तुझ्या मनात असणार. आई गेली त्या दिवसाविषयी मी बाबांची वकिली करणार नाही. आई आतल्या खोलीत शेवटचे श्वास घेत होती आणि ते गच्चीवर होते, हे खरं आहे. तू चार माणसांत ओरडलास, की आई मरत होती आणि तुम्ही काटे फिरवत होतात, तेही खरंच होतं. मला इतकंच माहीत आहे की ते वर गेले तेव्हा त्यांनी रेडिओ लावलाच नव्हता. मी बोलवायला गेले तर खांबाला धरून उभे होते. घाबरलेला माणूस आपल्या ओळखीच्या जागी पळतो. तू दुसऱ्या शहरात पळालास, मी शिलाई मशीनवर. म्हणून त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. तो तुमचा दोघांचा हिशेब, मी त्यात पडणार नाही.

तर, अँटेना. एके दुपारी काका खांबावर होते, बाबांनी नवा आलेख छापून काढला आणि मला म्हणाले, हा खिडकीशी धर, मला नीट बघू दे. माझ्या एका हातात कपबशी होती. घाईत कागद उलटा धरला गेला, अक्षरं खाली डोकं वर पाय. आणि बाबा खुर्चीतून उठलेच. आली, आली म्हणून ओरडले. भलत्या बाजूला का होईना, पाकळी आली! खिडकीतून काकांना हाक मारली, उतर रे, जमलं! इतके महिने मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मला आपली लाज वाटली उलटा धरल्याची, म्हणून मी कागद सरळ केला. बाबांचा चेहरा पडला. म्हणाले, गेली. मला वाटलं चेष्टा करतायत. मी पुन्हा उलटा केला. आली. सरळ केला. गेली. पाकळी कुठेच जात नव्हती रे. ती कागदाच्या डाव्या बाजूला गेली की बाबांसाठी नाहीशी होत होती. मी ताटाकडे बघितलं, सकाळचंच टेबलावर पडलेलं. उजवी बाजू चाटूनपुसून साफ, डावी जशीच्या तशी. मग त्यांच्या लोंबत्या बाहीकडे बघितलं आणि त्यांना इस्पितळात न्यायचं ठरवलं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डोळे चांगले आहेत, कानही चांगले आहेत. डोक्यात उजव्या बाजूला गाठ वाढते आहे, आणि तिने जगाची डावी बाजू खाल्ली आहे. डावीकडचं दिसतं, ऐकू येतं, पण मनापर्यंत पोचत नाही. शिवाय पोचत नाही हेही माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, जग आहे तेवढं सगळं दिसतंय. मी विचारलं, किती दिवसांपासून असेल? त्या म्हणाल्या, वर्ष तर सहज. त्या क्षणी मला तुझी ती दुपार आठवली. तोपर्यंत मला दोन्हींचा संबंध लागला नव्हता, खोटं कशाला बोलू.

पण डॉक्टरांचं ऐकून गप्प बसतील ते बाबा कसले. घरी येताना सबंध रस्ता बडबडत होते, की ही कालची पोर मला सांगते मला अर्धंच दिसतं, मग मी काय वेडा आहे? शेवटी काका म्हणाले, दादा, भांडताय कशाला, मोजून टाकू. बाबा एकदम शांत झाले. मोजणं म्हटलं की त्यांचा विरोध संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी गच्चीवर खडूने मोठं वर्तुळ आखलं, दहा-दहा अंशांवर खुणा केल्या आणि मधोमध बाबांची खुर्ची ठेवली. काकांनी हातातला छोटा रेडिओ बीकनवर लावायचा, टूं टूं वाजवत एकेका खुणेवर थांबायचं. बाबांनी समोर बघत आवाज कुठून येतो तिकडे बोट करायचं. बोट किती नेमकं, त्यावर मी दहापैकी गुण लिहायचे. स्वतःलाच खांबावर चढवून फिरवल्यासारखी ती मांडामांड होती, आणि बाबा मजेत होते. काकांना दटावत होते, खुणेवर नीट उभा राहा, पाय वाकडा आहे तुझा.

समोरून उजवीकडे दहापैकी दहा, नऊ, दहा. पाठीमागे जरा कमी. मग काका चालत चालत डाव्या बाजूला आले. बाबांचं बोट खाली गेलं. काका चार पावलांवर उभे होते, रेडिओ ठणाणा वाजत होता, आणि बाबा समोर बघत म्हणाले, अरे थांबलास का? चाल की पुढे. बाबांनी परत विचारलं, काका कुठे गेला गं, चहाला गेला का? काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही, कारण बाबांना दिसणारच नव्हतं. मी शून्य लिहिलं. पुढच्या खुणेवर शून्य. त्याच्या पुढे शून्य.

काकांनी ते सगळे आकडे खाली येऊन त्याच सॉफ्टवेअरमध्ये भरले, आलेख छापला आणि बाबांसमोर धरला. बाबा म्हणाले, चांगला तर आहे, भरलेला आहे की. काकांनी कागद उलटा फिरवला. आता रिकामी बाजू उजवीकडे आली. बाबा खूप वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. डॉक्टरवर नाही, माझ्यावर नाही, पण आलेखावर त्यांचा विश्वास बसला. म्हणाले, म्हणजे अँटेना धड होता. मग काकांची क्षमा मागितली, त्यांना फुकट खांबावर चढवल्याबद्दल. मला वाटलं झालं, आता झोपवावं त्यांना. पण ते कागद सोडेनात. मला विचारलं, माझ्या टेबलापासून खोलीचं दार कोणत्या बाजूला येतं?

डावीकडे येतं, भोंग्या. टेबल भिंतीला, खिडकी उजव्या हाताला आणि दार डाव्या हाताला. तू त्या दुपारी दारातून आत आलास. बाबा कानांवर हेडफोन चढवून बीकन ऐकत होते, पडद्यावर आलेख उमटत होता. मी स्वयंपाकघराच्या दाराशी श्वास रोखून उभी होते, म्हटलं, देवा, आज तरी दोघं बोलू देत. तू त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलास. बाबा म्हणून हाक मारलीस, दोनदा. त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवलास. त्यांनी मान वळवली नाही. हातातलं खोकं तू टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलंस, थोडा थांबलास, आणि तुझा चेहरा असा झाला की मला बघवेना. मी मागून फाटकापर्यंत धावले, तेव्हा तू एवढंच म्हणालास, की भिंतीनेसुद्धा ओ दिली असती. संध्याकाळी मी बाबांना बोलले, की पोरगा पायरी चढून आला आणि तुम्ही ढुंकून बघितलं नाही. ते म्हणाले, कोण आला होता? मला तो टोमणा वाटला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं काहीतरी पुटपुटून मी आत गेले. खोकं तिथेच राहिलं. मी रोज त्याच्यावरची धूळ झटकायची आणि मनात म्हणायची, काय माणूस आहे, उघडूनही बघत नाही.

बाबांनी मला पेन्सिल दिली आणि म्हणाले, तो उभा होता तिथे खूण कर. मी आलेखावर केली. रिकाम्या भागाच्या अगदी मधोमध आली. त्यांनी ती उलट्या कागदावर बोटाने चाचपली आणि म्हणाले, म्हणजे तो आला होता. एवढंच. मग मी ते खोकं उचलून त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं. त्यांनी विचारलं, हे कोणी आणलं? मी सांगितलं. आतून तुझे हेडफोन निघाले, मऊ गाद्यांचे. जुन्यांनी त्यांचे कान दुखतात हे तुला दुसऱ्या शहरात बसून आठवलं, आणि मी इथे असून मला सुचलं नव्हतं. ते त्यांनी कानांवर चढवले आणि रडले. माझ्यासमोर बाबा आधी कधी रडले नव्हते. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

आता खरं ते लिहिते. गाठ काढता येणार नाही, दोन ठिकाणी दाखवून झालं. बाबा दर आठवड्याला काकांकडून मोजून घेतात. आता खुर्ची गच्चीवर नेता येत नाही, पलंगाभोवतीच मोजतो. पहिल्या आलेखात उजवी बाजू भरलेली होती. मग पाठीमागचं गेलं. आता समोरच्या उजव्या अंगाला एक अरुंद फोड उरली आहे, त्यातही गुण चार-पाचाच्या वर जात नाहीत, आणि दिवसातला बराच वेळ ते झोपेत असतात. काल काकांनी मोजायला घेतलं तर त्यांनी हाताने नको म्हटलं आणि मला तुझं नाव घेऊन विचारलं, की त्याला कळलंय का. मी हो म्हणाले. खोटं बोलले, म्हणून आज हे लिहायला बसले. त्यांना माफ करायला ये असं मी म्हणत नाही. भांडायला आलास तरी चालेल, पण ते ऐकू शकतील अशा जागी उभा राहून भांड. ती पेन्सिलची खूण केलेला आलेख सोबत ठेवला आहे. आणि मी व काकांनी मिळून पलंग फिरवून ठेवला आहे. आता दार त्यांच्या समोरच्या उजव्या अंगाला, त्या उरलेल्या फोडीत येतं. तू आत आलास की त्यांना दिसशील.

तुझीच,
ताई